काटा खोटं बोलत नाही

४ जानेवारी, रविवार

निर्णय झाला. स्पोर्ट्स कार घ्यायची. सेकंडहँड, दोन सीटची, वजनाला हलकी. आणि वेगात चालवायची.

कारण नोंदवून ठेवतो. आज साडूकडे जेवायला बोलावलं होतं. साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आम्ही पोचलो तेव्हा मंडळी हात धुवत होती. जेवणाआधीचे नव्हेत, नंतरचे. साडू भरल्या घरात म्हणाला, साडूभाऊंना यापुढे आदल्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देत जाऊ, म्हणजे वेळेवर येतील. सगळे हसले. हीसुद्धा हसली. पदर तोंडाला लावून हसली, पण हसली.

फार लागलं मला.

मी सावकाश चालवतो हा सार्वत्रिक गैरसमज आहे. आमची गाडी सावकाश चालते. मी फक्त आत बसलेला असतो.

६ जानेवारी, मंगळवार

शहराबाहेरच्या रेसट्रॅकवर १५ मार्चला हौशी लोकांसाठी खुला दिवस आहे. आपापली गाडी आणायची आणि मनसोक्त पळवायची. साडू त्याचा डिझेलचा रणगाडा घेऊन दरवर्षी जातो आणि वर्षभर त्याच गोष्टी सांगतो. यंदा मीही नाव दिलं. गाडी अजून नाही, पण नाव दिलं.

ऑफिसात जाहीर करून टाकलं. साहेब म्हणाले, वा वा. आमच्या ऑफिस-जीपच्या ड्रायव्हरला चहाचा ठसका लागला. मी त्याच्या शेजारी बसून रोज 'हळू, हळू' म्हणतो असं तो सगळ्यांना सांगत होता. अहो, ती सरकारी जीप आहे. सरकारी मालमत्तेची काळजी वेगळी आणि अंगातला वेग वेगळा. या लोकांना फरक कळत नाही.

इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. एकदा, फक्त एकदा, साडू माझ्या मागे राहिला पाहिजे. मग मी सुखाने सावकाश (खोडलं) बेताने गाडी चालवीन.

८ जानेवारी, गुरुवार

अभ्यास चालू. वेगाचं गणित सोपं आहे. इंजिन मोठं हवं हा अडाणी समज. गाडी हलकी हवी. हलकी गाडी लवकर पळते, लवकर वळते, लवकर थांबते.

म्हणजे सगळा प्रश्न वजनाचा. आणि वजनाच्या बाबतीत मला कोण शिकवणार? मी वजनमापे निरीक्षक. सगळी नोकरी दुकानादुकानांतले तराजू तपासण्यात गेली. पाव किलोत पाच ग्रॅम मारणारा दुकानदार मी नुसता त्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो. मापात पाप माझ्यासमोर टिकत नाही.

पद्धत ठरवली. प्रत्येक गाडी कंपनीच्या माहितीपत्रकातल्या वजनाशी ताडून बघायची. ट्रक तोलायच्या वेब्रिजवर नेऊन तोलायची. मेकॅनिकला दाखवायची नाही. मेकॅनिक मतं सांगतात. काटा खोटं बोलत नाही.

११ जानेवारी, रविवार

पहिली गाडी. लाल. मालक दातांचे डॉक्टर. सभ्य गृहस्थ, पण बोलतात फार, आणि समोरच्याने तोंड उघडलं की आत बघतात. गाडी वेब्रिजवर न्यायची म्हटल्यावर जरा चकित झाले, तरी आले.

काट्यावर गाडी माहितीपत्रकापेक्षा तब्बल अडतीस किलो जास्त!

डॉक्टरांनी खुलासा केला. म्हणे मागच्या वर्षी खालचा सगळा पत्रा कापून नवा बसवला, चांगला जाड, आता पुढची कित्येक वर्षं बघायला नको. हे ते अभिमानाने सांगत होते! मी त्यांना शांतपणे समजावलं की जाड पत्रा म्हणजे जास्त वजन, आणि जास्त वजन म्हणजे कमी वेग. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

नाकारली.

परतताना ही म्हणाली, गाडी छान होती हो. बायकांना रंग दिसतो.

१८ जानेवारी, रविवार

दुसरी गाडी. पांढरी. मालकीणबाई शाळेत गणित शिकवतात. त्या म्हणाल्या, आधी मी चालवून दाखवते. बसलो.

बाई वेगात चालवतात. वळणावर गाडीचं वजन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे कसं सरकतं, ते नीट अनुभवता यावं म्हणून मी डोळे मिटून घेतले. दाराची कडीही त्याच कारणासाठी धरली होती. बाईंनी विचारलं, थांबवू का. मी म्हटलं, माझ्यासाठी नको, इंजिनला विश्रांती म्हणून थांबवा हवं तर.

मग मी चालवली. मजा आली! थोडं अंतर गेल्यावर बाईंनी विचारलं, पत्ता शोधताय का कुणाचा? विनोदी स्वभाव आहे त्यांचा.

काट्यावर एकवीस किलो जास्त. दारांत लोखंडी पट्ट्या, डोक्यावर पाइप. म्हणे सुरक्षिततेसाठी. ज्याला आपल्या चालवण्यावर भरवसा नाही त्याने पट्ट्या लावाव्यात.

नाकारली.

२५ जानेवारी, रविवार

साडूचा फोन. गाडी मिळाली का, नाहीतर म्हणे माझ्याबरोबर बसून या, मागच्या सीटवर भरपूर जागा आहे. आवाज प्रेमळ होता. मला तो प्रेमळ आवाज ठाऊक आहे.

ही म्हणाली, जा की हो, भाऊजी एवढं म्हणताहेत तर. मी जेवताना एक शब्द बोललो नाही. हिच्या लक्षात आलं नाही. तीही बोलत नव्हती, मालिका बघत होती.

१ फेब्रुवारी, रविवार

सापडली!!

पिवळी. मालक फोटोग्राफर, लग्नसमारंभाचे फोटो काढतो. गाडी त्याच्या स्टुडिओमागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. ताडपत्री निघाली आणि मी बोनेटवरून हात फिरवला. लहानपणी दुसऱ्याच्या सायकलवरून फिरवायचो तसा.

वेब्रिजवर नेली. काटेवाला म्हणाला, साहेब, आज काट्यात काहीतरी घोळ दिसतोय. मी स्वतः काटा तपासला. कार्यालयाची शिक्का मारलेली वजनं ठेवून पाहिली. काटा चोख. गाडी माहितीपत्रकापेक्षा बेचाळीस किलो कमी!

कमी!

कारखान्यातून निघाली तेव्हापेक्षा हलकी. असं यंत्र शोधून सापडत नाही. फोटोग्राफर भला माणूस वाटला, पण धूर्त आहे. म्हणाला, साहेब, जुनी गाडी आहे, एकदा खालून नीट बघून घ्या, रॅम्पवर चढवून, मला नंतर बोल नको. मी मनात हसलो. दुसरं गिऱ्हाईक आलेलं असणार, म्हणून मला घाबरवून परत लावायचा डाव. सगळी हयात बाजारात काढलेल्या माणसाला हा कालचा मुलगा शेंडी लावणार!

जागच्या जागी व्यवहार पक्का केला.

२ फेब्रुवारी, सोमवार

हिला काट्याची पावती दाखवली. हिने चष्मा लावून वाचली. म्हणाली, अहो, जन्मभर कमी वजन देणाऱ्यांना पकडलंत. आणि आता कुणी बेचाळीस किलो कमी दिलं तर पेढे वाटल्यासारखा चेहरा करून आलात. ते बेचाळीस किलो गेले कुठे?

मी म्हटलं, ते जाणं हेच तर कौशल्य आहे.

ती म्हणाली, कुणाचं?

बायकांशी तांत्रिक चर्चा करू नये.

७ फेब्रुवारी, शनिवार

पहाटे सराव, बाहेरच्या रिंगरोडवर. इंजिनाचा आवाज काय वर्णावा! मी आज चांगलाच वेगात होतो. दुधाची व्हॅन पुढे गेली, पण ती रिकामी होती. शाळेची बस पुढे गेली. मुलांनी मागच्या काचेतून हात हलवले, मीही हलवला. एका सायकलवाल्याने बरोबरीने येऊन विचारलं, काका, काही मदत पाहिजे का?

इंजिन रुळू देतोय. पहिले काही दिवस ताण द्यायचा नसतो, असं कुठेतरी वाचलंय. नवीन गाडीबद्दल होतं ते, पण माझ्यासाठी ही नवीनच आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

हिला फिरवून आणलं. तक्रारींचा पाढा. बसायला खाली, उठायला वर, आणि म्हणे पायाला गार वारा लागतो. मी सांगितलं, स्पोर्ट्स कारमध्ये हवा खेळती ठेवतात. ती म्हणाली, खालून? मी म्हटलं, सगळीकडून.

घरी आल्यावर हिची छत्री सापडेना. पायाशी ठेवली होती म्हणते. गाडीत दोन सीट आणि एक गिअर, त्यात छत्री हरवते म्हणजे वेंधळेपणाची कमाल आहे. अख्खी गाडी शोधली. नाही म्हणजे नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हलकी आहेच, आणखी हलकी करतोय. जॅक काढला. स्टेपनी काढली. रेडिओ काढला, त्याच्या तारा काढल्या. डिकीतला गालिचा काढला. हातमोज्यांचा कप्पा काढला, माझ्याकडे हातमोजे नाहीत. सगळं दिवाणखान्यात ठेवलंय. ही म्हणाली, गाडी बाहेर आहे की घरात?

शेजारच्या सीटखालची चटई काढणार होतो, पण दाराकडची चार बोटं फट सोडली (हवेसाठी असणार) तर ती चिकटवलेली आहे. चांगली घट्ट. कामाची माणसं असतात एकेक.

१५ फेब्रुवारी, रविवार

बरोबर एक महिना राहिला. वेगवान चालवण्याचं पुस्तक वाचतोय. वळण कुठून घ्यायचं, कुठून सोडायचं, सगळी आकृत्यांसकट माहिती. संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी खुर्चीत बसून ताट हातात धरून वळणं घेण्याचा सराव केला. ही आतून म्हणाली, वाढलंय ते ताट आहे हो.

टेबलावर मी विलक्षण वेगवान आहे. एकही चूक नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

रस्त्यावर पाइप फुटून पाणी साचलं होतं. मी डौलात त्यातून गाडी काढली. ही किंचाळली. घोट्यापर्यंत भिजले म्हणते. बघितलं तर चपला खरंच ओल्या. हलक्या गाडीत थोडी ओल येणारच. स्पोर्ट्स कार म्हणजे काही ड्रॉइंगरूम नव्हे.

ती उतरून रिक्षाने घरी गेली. माझ्या आधी पोचली. रिक्षावाले कुठलेच नियम पाळत नाहीत.

१ मार्च, रविवार

पुन्हा तोलली. सामान काढलं त्याचा हिशेब सोडून आणखी साडेतीन किलो कमी! आपोआप! काटेवाला म्हणाला, साहेब, गाडी आजारी आहे का? त्याला मी वजनातलं काय सांगणार.

ऑफिसात साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, असंच चाललं तर १५ तारखेपर्यंत पावतीच उरेल. सगळे हसले. मोठ्या माणसांनी विनोद केला की हसावं लागतं, म्हणून हसले.

८ मार्च, रविवार

साडू येऊन गाडी बघून गेला. भोवती दोन चकरा मारल्या. बोनेटवर टिचकी मारली, कलिंगड घेताना मारतात तशी. वाकून खाली बघायला निघाला तेव्हा मी चहा निवतोय म्हणून आत नेलं. त्याला खालून काय कळणार? तो रणगाडावाला.

जाताना म्हणाला, साडूभाऊ, येताना जपून या. मी म्हटलं, तुम्हीच जपून, मागून येताना. उत्तर जमलं. खूप दिवसांनी उत्तर वेळेवर सुचलं. नेहमी दुसऱ्या दिवशी सुचतं.

१४ मार्च, शनिवार

सगळं तयार. इस्त्रीचा पांढरा शर्ट. पेट्रोल अर्धी टाकी, कारण पेट्रोलही वजनच. हिला म्हटलं, तू भाऊजींच्या गाडीतून ये, तुझं वजन (पुढचं बोललो नाही). तरी जो अनर्थ व्हायचा तो झालाच. बराच वेळ स्वयंपाकघरात भांडी जोरजोरात लागत होती.

मग बाहेर येऊन म्हणाली, मी तुमच्याच गाडीतून येणार. एकटं नाही सोडायची तुम्हाला. पर्स घरी ठेवते, झालं ना?

ठीक आहे. साक्षीदार लागेलच कुणीतरी.

१५ मार्च, रविवार, सकाळी

निघतोय. आज माझा दिवस.

१५ मार्च, रविवार, रात्री जेवल्यावर

जसं झालं तसं लिहितो.

वाटेत चढ लागला. चढावर गाड्यांची रांग ट्रॅकच्या फाटकापर्यंत होती. मी क्लच अर्धा दाबून गाडी जागेवर धरून ठेवली, ब्रेक लावून सोडण्यापेक्षा ते सफाईदार दिसतं. जळका वास येत होता. पुढच्या गाडीचा असावा असं वाटलं. पुढची गाडी निघून गेली. वास राहिला.

आत तपासणी होती. हे मला ठाऊक नव्हतं. ट्रॅकवर सोडण्याआधी प्रत्येक गाडी तपासतात. तपासणारा माणूस मितभाषी, हातात टॉर्च. त्याने टायर पाहिले, दिवे पाहिले, मान डोलावली. मी हिच्याकडे बघून घेतलं. मग त्याने हिला विनंती केली, वहिनी, जरा उतरता का. शेजारच्या सीटपुढची चटई कोपऱ्यातून उचलली. चटईखाली प्लायवुड होतं. ओलं, फुगलेलं. त्याने अंगठ्याने दाबलं. अंगठा आरपार गेला.

खाली गवत दिसलं.

आम्ही तिघंही काही वेळ गवत बघत होतो.

तो म्हणाला, पत्रा गंजून संपलाय, काका. ट्रॅकवर नाही सोडता येणार. अदबीने म्हणाला. दुकानदाराला नकार देताना मी याहून कडक बोलतो. मी त्याला वजनाची पावती दाखवली. त्याने वाचली, घडी घातली, परत दिली. म्हणाला, बरोबर आहे, गंज पडून जातो ना.

तर बेचाळीस किलो तिथे गेले होते.

ही काही बोलली नाही. 'मी म्हटलं होतं' असंसुद्धा नाही. हेच जास्त वाईट. फक्त म्हणाली, माझी छत्री.

साडू तोवर तीन फेऱ्या मारून आला. टाळ्या पडल्या. त्याने आमची गाडी पाहिली, भोक पाहिलं. मी तयारीत होतो. पण तो काहीच लागट बोलला नाही, पाणी आणून दिलं. म्हणाला, चला, घरी जाऊ.

गाडी सुरू झाली पण हलेना. इंजिन ओरडतंय, चाकं जागेवर. क्लच जळून गेला होता. साडूच्या रणगाड्यात दोर असतो, असणारच. बांधला. तो म्हणाला, साडूभाऊ, तुम्ही फक्त स्टिअरिंग धरा, बाकी मी बघतो.

हिला त्याने पुढे त्याच्या गाडीत बोलावलं, एसीच्या थंड हवेत. ही नाही गेली. माझ्या शेजारी येऊन बसली, पाय वर घेऊन, मांडी घालून. समोरच्या भोकातून रस्ता पळताना दिसत होता. खरं सांगू, इतक्या वेगात मी आयुष्यात गेलो नव्हतो. झाडं सपासप मागे पडत होती. ही हसायला लागली. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, अहो बघा, आपण शेवटी वेगात चाललोय. साडूकडच्यासारखं हसणं नव्हतं हे. मलाही हसू आलं.

मग तिचं लक्ष खाली गेलं. हळूच म्हणाली, अहो, पाय काढा तो.

पाहिलं तर माझा पाय ब्रेकवर. नुसता ठेवलेला नव्हे, दाबलेला. कधी ठेवला, आठवत नाही. बहुधा फाटकापासूनच असावा. मी काढला. पुढच्या वळणावर पाहिलं तर परत तिथेच. तिने दुसऱ्यांदा सांगितलं नाही. गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

घरी पोचलो. साडू उतरला, घामाघूम. त्याच्या गाडीच्या बोनेटमधून वाफ येत होती. दोर सोडता सोडता म्हणाला, साडूभाऊ, गाडी हलकी आहे म्हणत होता ना? मला तर दगडांचा ट्रक ओढल्यासारखं झालं सगळ्या वाटेत. असं कसं हो?

मी तोंड उघडणार तेवढ्यात हीच बोलली. भाऊजी, म्हणाली, वारा समोरून होता ना.

साडूने मान डोलावली. हो, असेल, म्हणाला.

वारा नव्हता. पानही हलत नव्हतं.